गावाकडच्या मुलांसाठी पुण्यात खाटा घ्याव्यात की रोख मदत द्यावी?

बालाघाट

मी धाराशिव जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक आहे. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाने पुण्यात शिकणाऱ्या गावाकडच्या मुलांसाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला काढायचे ठरवले आहे. यंदा आमच्याकडची बारा मुले पुण्यात गेली. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले ते तिघांचेच. उरलेले नऊजण पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहतात. त्यांतल्या एकाची खोली मी पाहून आलो. दहा बाय बाराच्या त्या जागेत चार खाटा होत्या आणि एकुलती एक खिडकी जिन्यात उघडत होती. भाडे प्रत्येकी साडेतीन हजार, वर दोन महिन्यांचे डिपॉझिट. डब्याचे विचारले तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "गुरुजी, एकाच वेळचा लावलाय."

काहींचे मत असे की दरमहा थेट मुलांच्या खात्यावर पैसे टाकावेत; काहींना वाटते की एखादा मोठा फ्लॅट भाड्याने घेऊन खाटाच उपलब्ध कराव्यात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना रेक्टर

एका शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहात मी बरीच वर्षे रेक्टर होतो, त्या अनुभवावरून सांगतो. रोख मदत द्यायला सोपी असते, परंतु ती शेवटी घरमालकाकडे जाते, आणि पुढच्या जूनमध्ये भाडे वाढले की तुमची मदत होती तिथेच राहते. खाट मात्र एकदा हाती आली की तिचा दर तुम्ही ठरवता.

फ्लॅट घेण्याआधी एक हिशेब मात्र करून पाहा. समजा, भाडे 27,000 आहे आणि मुले नऊ. म्हणजे प्रत्येकी 3,000 झाले. मे महिन्यात परीक्षा संपून तिघे गावी गेले, तर तेच भाडे सहाजणांवर पडून प्रत्येकी 4,500 होते. वसतिगृह महाग पडते ते बहुधा या रिकाम्या खाटांमुळे, आणि नवखे लोक नेमके तेच धरत नाहीत. तेव्हा तुमचा निधी दरमहा भाड्यात न जिरवता डिपॉझिट, खाटा-गाद्या आणि उन्हाळ्याची तूट यांसाठी राखून ठेवा. चालू भाडे मुलांनाच भरू द्या.

खरे स्वस्त वसतिगृह तेच, जिथे इमारतीचा खर्च मुलांकडून वसूल करायचा नसतो. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व उत्पन्न लावून दिले, ते याच विचाराने. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण मुलामुलींसाठी आजही वसतिगृहे चालवते. स्वतःचा फ्लॅट शोधण्याआधी अशा संस्थेला काही खाटांचा खर्च उचलण्याविषयी विचारून पाहा, असे मी म्हणेन. नव्याने चूल मांडण्याची हौस आपल्याकडे जरा जास्तच आहे.

सोनचाफा

मी स्वाधार योजनेवर शिकले. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000, असे एकूण 60,000 रुपये ठरवलेले होते. निवासाचे 20,000 बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला सतराशेही होत नाहीत. शिवाय डिपॉझिट पहिल्याच दिवशी द्यावे लागते आणि भत्ता मागाहून येतो. माझे डिपॉझिट आईने गळ्यातली पोत गहाण ठेवून भरले होते. तरीही तो भत्ता नसता तर मी दुसऱ्या वर्षाला पोहोचले नसते, त्यामुळे रोख मदत वायाच जाते हे रेक्टर साहेबांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही. तुमच्यापैकी कोण कोणत्या योजनेत बसते ते आधी तपासा. अनुसूचित जमातींसाठी स्वयम आणि इतर मागास प्रवर्गांसाठी आधार या योजना आहेत.

जेवणाचाही विचार करा. मेसमध्ये खाडे धरतात की नाही, आणि किती दिवस सलग गैरहजर राहिल्यावर धरतात, हे विचारल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नयेत.

आणि एक विचारते, गुरुजी: तुमच्या या बाराजणांत मुली किती आहेत?

वजाबाकी

कागदपत्रांपुरते लिहितो. फ्लॅट मंडळाच्या नावाने घेणार असाल तर करारातच विद्यार्थ्यांना ठेवण्याची परवानगी स्पष्ट लिहून घ्या आणि सोसायटीचे ना हरकत पत्रही आधीच मिळवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. सध्या कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांनाही हे सांगून ठेवा, कारण डिपॉझिट बुडते ते बहुतेक तोंडी व्यवहारात. जीएसटीची धास्ती नको. दरमहा प्रतिव्यक्ती 20,000 रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवसांच्या निवासाला 2024 पासून सूट आहे.

बालाघाट

सर्वांचे आभार. सोनचाफा यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. बाराही मुलगे आहेत. दोन मुलींना पुण्यात प्रवेश मिळत होता; दोघींच्या घरी मी स्वतः गेलो होतो, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न "राहणार कुठे?" हाच होता. माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून त्या आता तालुक्याच्या महाविद्यालयात आहेत.

काल ही गोष्ट मंडळापुढे ठेवली. डिपॉझिटसाठी फिरता निधी काढून त्यातून मुलांना बिनव्याजी रक्कम द्यावी आणि उरलेल्या पैशांतून मुलींच्या वसतिगृहातल्या दोन खाटांचा खर्च उचलावा, असे ठरते आहे. त्या दोघींच्या पदव्युत्तर प्रवेशाला अजून दोन वर्षे आहेत. रेक्टर साहेब, कोणाशी आणि कोणत्या महिन्यात बोलणी सुरू करावीत, ते कृपया कळवावे.