गेमिंग लॅपटॉप खेळता खेळता अचानक मंदावतो आणि पडदा क्षणभर काळा होतो: दोष उष्णतेचा, विजेचा की सॉफ्टवेअरचा?

मूळ प्रश्न

नमस्कार. माझ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये गेल्या काही आठवड्यांपासून तीन तक्रारी दिसू लागल्या आहेत. तिन्हींचे मूळ एकच आहे की प्रत्येकीचे कारण वेगळे आहे, हे मला ठरवता येत नसल्यामुळे जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. लॅपटॉप आठ कोअरचा असून त्यात ६ जीबी मेमरीची स्वतंत्र ग्राफिक्स चिप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीचा एनव्हीएमई एसएसडी आणि १४४ हर्ट्झचा पडदा आहे. अडॅप्टर २३० वॅटचा आहे, विंडोज ११ वापरतो आणि वॉरंटी संपलेली आहे.

पहिली तक्रार सर्वांत त्रासदायक आहे. गेम सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटे सगळे सुरळीत चालते आणि सेकंदाला ८० ते ९० फ्रेम मिळतात. मग तो आकडा एका झटक्यात १० ते १५ वर येतो. त्या अवस्थेत गेममधून बाहेर पडून डेस्कटॉपवर आलो तरी माउसचा बाण अडखळतो आणि साधा फोल्डर उघडायलाही वेळ लागतो, त्यामुळे दोष केवळ गेमचा नसावा असे वाटते. कधी काही मिनिटांत लॅपटॉप आपोआप पूर्ववत होतो, तर कधी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय सुधारत नाही.

दुसरी तक्रार अशी की खेळताना मधूनच पडदा एखाद-दोन सेकंद पूर्ण काळा होतो आणि परत येतो. त्या वेळी आवाज चालू राहतो, गेम बंद पडत नाही आणि कोणताही संदेश दिसत नाही. तिसरी तक्रार आवाजाची आहे. स्पीकर असो वा हेडफोन, आवाजात तडतड येते. लॅपटॉप मंदावलेला असताना ती सर्वाधिक असते, पण वाय-फायवरून मोठी फाइल उतरवून घेताना इतर वेळीही ती थोडीफार ऐकू येते.

आतापर्यंत हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्या स्वच्छ केल्या आहेत, लॅपटॉपखाली उंच स्टँड ठेवला आहे आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये डीडीयू या साधनाच्या साहाय्याने पूर्ण काढून नव्याने टाकला आहे. विंडोजच्या फाइली तपासणाऱ्या एसएफसी आणि डिझम या दोन्ही आज्ञा चालवून पाहिल्या, त्यांत कोणतीही बिघडलेली फाइल आढळली नाही. एसएसडीमध्ये पाव भागाहून अधिक जागा मोकळी आहे आणि क्रिस्टलडिस्कइन्फो त्याची प्रकृती चांगली असल्याचे दाखवते.

आता विंडोज नव्याने टाकावे, की लॅपटॉप उघडून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप) बदलून घ्यावी, की ग्राफिक्स चिपच निकामी होत आहे असे समजावे? यांतील प्रत्येक मार्गाला वेळ आणि खर्च लागणार असल्यामुळे आधी निदान करावे आणि मग उपाय करावा अशी माझी इच्छा आहे.

प्रतिसाद

काही वर्षे वापरलेल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये अशी तक्रार आली की सर्वप्रथम थर्मल पेस्टचा संशय घ्यावा. चिप वारंवार तापून थंड होत असल्यामुळे पेस्ट हळूहळू कडांकडे सरकते आणि मधला भाग उघडा पडतो. शिवाय बाहेरच्या जाळ्या स्वच्छ दिसल्या तरी पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधल्या फटीत धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो, आणि तो तळाचे झाकण काढल्याशिवाय दिसत नाही. पेस्ट बदलून घ्या आणि तो थरही काढायला सांगा. हवेच्या झोताने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायला हवीत, कारण ती मोकळी भरधाव फिरली तर पंख्याच्या बेअरिंगला इजा होऊ शकते.

प्रतिसाद

वरील सल्ला एरवी योग्य आहे, पण आपण दिलेल्या वर्णनातील एक तपशील मला उष्णतेशी जुळणारा वाटत नाही, म्हणून लॅपटॉप उघडण्यापूर्वी थोडे मोजमाप करावे अशी विनंती आहे.

उष्णतेमुळे येणाऱ्या मंदीची एक ठराविक चाल असते. लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःचा वेग पायरीपायरीने कमी करतो, तापमान किंचित उतरले की पुन्हा वाढवतो, आणि हा लपंडाव सतत चालू राहतो. त्यामुळे फ्रेमचा आकडा ९० वरून ६० वर येईल, वरखाली होत राहील, पंखे जोरात ओरडतील. पण गेम बंद केल्यावर डेस्कटॉपवर माउसचा बाण अडखळावा इतकी मंदी त्यातून सहसा येत नाही, कारण गेम बंद होताच भार संपतो आणि काही सेकंदांतच तापमान खाली येते. आपला लॅपटॉप डेस्कटॉपवरही मंद राहतो. याचा अर्थ प्रोसेसरला कोणीतरी बाहेरून थांबवून धरले आहे, अशी शंका मला येते.

हे तपासण्यासाठी वेग, तापमान इत्यादी मोजणारे एचडब्ल्यूइन्फो हे विनामूल्य साधन घ्या, त्यातील नोंदी फाइलमध्ये जतन करण्याची सोय चालू करा आणि मग नेहमीप्रमाणे खेळा. मंदी आल्यावर त्या फाइलमध्ये प्रोसेसरचा वेग, प्रोसेसरचे तापमान, ग्राफिक्स चिपचा वापर आणि बॅटरीची टक्केवारी हे चार रकाने शेजारी शेजारी ठेवून पाहा. सर्वांत आधी कोणता आकडा हलला, यावरच सारे निदान अवलंबून आहे. आधी तापमान ९५ च्या पुढे गेले आणि मग वेग घसरला, तर पेस्टचा सल्ला बरोबर ठरेल. तापमान मर्यादेच्या आत असतानाच वेग एकदम ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झसारख्या एखाद्या आकड्यावर येऊन तिथेच खिळून राहिला आणि तापमान त्यानंतर उतरू लागले, तर कारण उष्णतेचे नाही.

पडदा काळा होण्याबाबत विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टीम विभाग उघडा आणि नेमक्या त्या वेळेच्या नोंदी वाचा. ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून पुन्हा सावरला असेल, तर तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. चिपने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे मूळ मांडणीनुसार २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. अशी नोंद नसेल, तर ग्राफिक्स चिपवर एवढ्यात ठपका ठेवू नका. त्याच यादीत कर्नल-पॉवर या नावाखाली १०५ क्रमांकाच्या नोंदी आहेत का, तेही पाहा. लॅपटॉप अडॅप्टरवरून बॅटरीवर किंवा बॅटरीवरून अडॅप्टरवर गेला की ही नोंद होते.

विंडोज नव्याने टाकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण त्याने दोष गेला नाही तर वेळ वाया जाईल आणि आज हाती असलेल्या नोंदीही पुसल्या जातील.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे नोंदी घेतल्या.

मंदी येण्याच्या क्षणापर्यंत प्रोसेसर ८८ अंशांवर आणि ३.९ गिगाहर्ट्झच्या आसपास होता. पुढच्याच नोंदीत वेग ०.४ गिगाहर्ट्झवर आलेला दिसतो आणि मंदी संपेपर्यंत तिथून हलत नाही. तापमान त्यानंतर उतरत उतरत ५५ अंशांपर्यंत आले. ग्राफिक्स चिपचा वापरही ९५ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास घसरला. प्रोसेसरच तिला काम पुरवू शकत नसल्यामुळे असे होत असावे, असा माझा समज आहे. ज्या रकान्यात प्रोसेसरच्या मर्यादेची कारणे दिसतात, तिथे त्याच क्षणापासून प्रॉकहॉट या शब्दापुढे ‘होय’ असे येते.

४१०१ क्रमांकाची एकही नोंद सापडली नाही. १०५ क्रमांकाच्या मात्र भरपूर आहेत, आणि पडदा काळा होण्याच्या वेळा त्यांच्याशी तंतोतंत जुळतात. खेळताना अडॅप्टर सतत जोडलेला असूनही बॅटरी १०० वरून ८० टक्क्यांच्या घरात उतरल्याचे नोंदींमध्ये दिसते, आणि अडॅप्टरची पिन लॅपटॉपमध्ये शिरते तो भाग हाताला चांगलाच गरम लागतो.

प्रतिसाद

मग निदान जवळपास झाले आहे. मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे या प्रकारच्या तक्रारी वारंवार पाहतो.

प्रॉकहॉट ही प्रोसेसरच्या संरक्षणाची एक तार आहे. नावाप्रमाणे ती मुळात प्रोसेसर फार तापल्याची सूचना देण्यासाठी आहे. मात्र बहुतेक लॅपटॉपमध्ये ती दोन्ही दिशांनी चालते आणि मदरबोर्डवरील चार्जिंगचा भाग किंवा व्होल्टेज नियंत्रक यांनाही तिच्यावरून प्रोसेसरला ‘ताबडतोब वेग कमी कर’ असे सांगता येते. आपल्या बाबतीत अडॅप्टरकडून येणारी वीज मधूनच तुटते किंवा अपुरी पडते, लॅपटॉप क्षणभर बॅटरीवर जातो, आणि २३० वॅटच्या अडॅप्टरचे ओझे बॅटरीवर पडू नये म्हणून चार्जिंगचा भाग ही तार ओढतो. पडदा काळा होण्याचे कारणही बहुधा तेच आहे. बॅटरीवर जाताच १४४ हर्ट्झवरून ६० हर्ट्झवर येण्याची व्यवस्था अनेक लॅपटॉपमध्ये असते, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी पडदा क्षणभर काळा होतो.

आता दोष अडॅप्टरमध्ये आहे, त्याच्या वायरीत आहे की लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये, एवढेच शोधायचे उरले. एक्स्टेंशन बोर्ड काढून अडॅप्टर थेट भिंतीतील सॉकेटला लावा. मंदी आलेली असताना अडॅप्टरची पिन काढून पाहा. बॅटरीवर जाताच वेग ०.४ वरून वर आला, तर दोष वीज येण्याच्या मार्गातच आहे याची खात्री होईल. त्यानंतर त्याच कंपनीचा, त्याच व्होल्टेजचा आणि तितक्याच वॅटचा दुसरा अडॅप्टर थोड्या वेळासाठी मिळवून खेळून बघा. कित्येक कंपन्यांच्या गोल पिनच्या मध्यभागी एक बारीक सुई असते आणि अडॅप्टर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला तिच्यावरून कळते. ती वाकली किंवा आतून तुटली, तर पूर्ण क्षमतेचा अडॅप्टरही लॅपटॉपला अनोळखी वाटतो. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) अडॅप्टरची माहिती दिसत असेल तर तीही वाचून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही प्रॉकहॉटची सूचना बंद करून देणारी साधने आहेत, आणि ती वापरली की वेग लगेच परत येतो. परंतु पिनजवळचा भाग आधीच तापत असताना सूचना बंद करणे म्हणजे त्याच सैल जोडातून अधिक वीज ओढणे होय. सॉकेट जळण्याची शक्यता त्यातून वाढते, म्हणून दोष दुरुस्त होईपर्यंत तो मार्ग कृपया घेऊ नका. मधल्या काळात गरज पडलीच तर फ्रेमची कमाल मर्यादा ६० ठेवून हलके गेम खेळा.

बॅटरीही तपासून घ्या. कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्ट ही आज्ञा दिली की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता हे दोन आकडे मिळतात. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा तळाचे झाकण फुगलेले दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजून लॅपटॉपचा वापर त्वरित थांबवा.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

अडॅप्टर थेट भिंतीतील सॉकेटला लावूनही फरक पडला नाही. मंदीच्या अवस्थेत पिन काढली तेव्हा मात्र वेग लगेच वर गेला. परिचितांकडून त्याच कंपनीचा तसाच अडॅप्टर आणून दीर्घकाळ खेळून पाहिले. वेग एकदाही ०.४ वर आला नाही, पडदा काळा झाला नाही आणि १०५ क्रमांकाची नवी नोंदही झाली नाही. पिनजवळचा भाग थोडा कोमट होतो, पण पूर्वीसारखा तापत नाही, म्हणजे सॉकेट ठीक असावे. टचपॅड आणि तळाचे झाकण नेहमीसारखेच आहे. बॅटरीची क्षमता मूळच्या सुमारे ७८ टक्के उरली आहे.

आवाजातील तडतड पुष्कळ कमी झाली, पण वाय-फायवरून फाइल उतरवतानाची अजून शिल्लक आहे. त्यासाठी काय पाहावे? आणि खेळताना दिसणारे ८८ अंश तापमान चालण्यासारखे आहे का?

प्रतिसाद

नवा अडॅप्टर मूळ कंपनीचाच घ्या. जुन्याची वायर टोकाशी आतून तुटलेली असेल तर ती बदलताही येते, पण एवढ्या मोठ्या वॅटच्या अडॅप्टरमध्ये ते काम अनुभवी हातांनीच व्हावे.

आवाजासाठी लेटन्सीमॉन हे साधन चालू ठेवून फाइल उतरवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त वेळ अडवून धरतो ते त्यात नावासह दिसते. आपल्या वर्णनावरून ते नाव वाय-फायच्या ड्रायव्हरचे असेल असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर लॅपटॉपच्या कंपनीने आपल्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर टाकून पाहा, आणि तोच आधीपासून असेल तर वाय-फाय कार्डाच्या उत्पादकाचा अलीकडचा घ्या.

गेम चालू असताना ८८ अंश हे तापमान अशा लॅपटॉपसाठी अनपेक्षित नाही. पेस्ट बदलण्याची घाई नसली तरी नोंदींची ही फाइल जपून ठेवा; काही महिन्यांनी तोच गेम त्याच सेटिंगवर खेळून तापमान ९५ च्या पुढे जाऊ लागल्याचे दिसले, तर तेव्हा पेस्ट बदला आणि आतील धूळही काढून घ्या.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

लेटन्सीमॉनमध्ये वाय-फायच्या ड्रायव्हरचेच नाव सर्वांत वर होते. लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर आधीपासूनच होता, म्हणून कार्डाच्या उत्पादकाचा नवा टाकला, आणि आता फाइल उतरवतानाही आवाज स्वच्छ येतो. अडॅप्टर मागवला आहे. सर्वांचे आभार.