गंज काढायला हायड्रोक्लोरिकपेक्षा सुरक्षित ॲसिड कोणतं? मदत हवी आहे

कृष्णाकाठकर:
नमस्कार मंडळी. सांगलीत नदीजवळ घर आहे. २०१९ च्या पुरात वडिलांची फिटरची पेटी पाण्याखाली गेली होती. घर सावरण्याच्या गडबडीत तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. आता उघडलीय तर पाने, कानशी, बिडाचा छोटा व्हाइस (काम करताना वस्तू जबड्यात घट्ट पकडायचा शिकंजा), काही स्प्रिंगा आणि जस्ताचा मुलामा असलेले नटबोल्ट, सगळ्यावर गंजाचे पापुद्रे.

हार्डवेअरवाल्यानं हायड्रोक्लोरिकची बाटली काढून दिली. "धा मिनिटांत चकाचक," म्हणाला. पण झाकण उघडलं की नाकात झोंबतं, काम करायला मागची पडवी तेवढी आहे आणि घरात लहान पोर. व्हिनेगर, सायट्रिक, फॉस्फोरिक, ऑक्झॅलिक अशी नावं कानावर आलीत. यातलं कमी धोक्याचं कुठलं? गंजाबरोबर लोखंडही खाल्लं जाईल का?

जुनाप्लेटर:
मी कुपवाडला प्लेटिंगच्या कामात होतो. दादा, ती बाटली परत करा. तिची वाफ शेजारी ठेवलेल्या चांगल्या हत्यारांनाही गंज चढवते. आणि ब्लीचशी तिचा संबंध आला की क्लोरीन वायू निघतो, त्यामुळे बाथरूममध्ये तर ठेवूच नका.

तुमच्या कामाला सायट्रिक, म्हणजे लिंबूसत्त्व. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत. त्याआधी तेल-ग्रीस साबणानं काढा, नाहीतर ॲसिड गंजापर्यंत पोचतच नाही. पाने रात्रभर चालतील, पण मधूनमधून बाहेर काढून ब्रश मारा. हेही ॲसिडच आहे, आठवडाभर विसरलात तर चांगलं लोखंडही खाईल. कानशींना थोडाच वेळ. हातमोजे आणि चष्मा हवाच.

व्हिनेगरनं होतं, पण वेळ फार आणि वासानं घर नकोसं होतं. ऑक्झॅलिक विषारी आहे, मूत्रपिंडाला बाधतं. पोर असलेल्या घरात मी तरी आणणार नाही.

कृष्णाकाठकर:
आभारी आहे काका. स्प्रिंगा आणि नटबोल्टही त्यातच टाकू का?

जुनाप्लेटर:
नाही! ॲसिडमध्ये सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होते, मग ताण आला की तुटते. त्यांना रॉकेल किंवा तेल लावा आणि तारेच्या ब्रशनं घासा. नटबोल्टांचं जस्त तर लोखंडाच्या आधी विरघळेल. ते सरळ नवे आणा, स्वस्त पडतात.

वाईचा_गॅरेजवाला:
व्हाइस रंगवणार असाल तर फॉस्फोरिक बघा. त्याला हायड्रोक्लोरिकसारखी वाफ नसते आणि गंजाचं लोह-फॉस्फेट होऊन काळपट थर बसतो, त्यावर रंग चांगला धरतो. त्वचा आणि डोळ्यांना मात्र तेही जाळतं. पातळ करताना आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही. जबड्याच्या स्क्रूला लावू नका, तिथं तेलच बरं.

कृष्णाकाठकर:
सायट्रिकचंच ठरलं. बादलीतून काढल्यावर पुढं काय?

जुनाप्लेटर:
खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्यानं धुवा आणि लगेच पुसून उन्हात वाळवा. ओलं ठेवलंत तर बघता बघता पुन्हा तांबूस होतं. कोरडं झालं की मशीन ऑइल. उरलेल्या द्रावणात बुडबुडे थांबेपर्यंत सोडा टाका, मगच भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. झाडांना घालू नका.