माणशी उत्पादकता: कापसाचं शेत आणि डाळ मिल एकाच काट्यावर तोलायची का?

पारोळेकर: परवा एका व्याख्यानात ऐकलं, शेतीतला माणूस बाकीच्यांच्या जेमतेम पाव भाग कमावतो. हिशेब असा: 2023-24 च्या श्रमबल पाहणीत देशातले सुमारे 46 टक्के कामकरी शेतीत, मूल्यवर्धनात (म्हणजे विक्री वजा कच्चा माल वगैरे खर्च) शेतीचा वाटा मात्र 18 टक्क्यांच्या आसपास. भागाकार बरोबर, भाजकात घोळ आहे. वर्षात 30 दिवस काम केलेली बाईसुद्धा त्यात धरतात. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया किलोवर मजुरी घेतात. ओटी भरली की गाठोडं, संध्याकाळी बांधावर काटा. वेचण्या आटोपल्या की काम संपलं. ती एक आणि वर्षभर पाळ्या करणारा कामगारही एकच? डोकी नको, तास मोजा.

एमआयडीसीवाला: मोजा की भाऊ! पण वेचणी संपल्यावर तिला दुसरं काम नाही, हेच तर खरं दुखणं. तास धरले की ही अर्धबेकारी आकड्यातून गायब. डोकी मोजली म्हणूनच ती दिसते.

केळीवाला, रावेर: तास राहू द्या, भावाचं बोला. तेवढेच घड, तेवढंच ठिबक, तेवढीच माणसं. भाव निम्म्यावर आला की आम्ही निम्मे कामाचे?

एमआयडीसीवाला: नाही ना. म्हणून तर तुलना स्थिर किमतींवर करतात. आधार वर्षाचा, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या एका वर्षाचाच भाव धरायचा, मग यंदाची मंदी आकड्यात येत नाही.

केळीवाला, रावेर: आणि आधार वर्षातच शेतमालाला भाव नसला तर? तीच पडती किंमत पुढं वर्षानुवर्षं चालणार. वाढीचा दर ठीक निघेल हो, पण शेती विरुद्ध कारखाना ही तुलना तिथंच नासली.

*(याला एमआयडीसीवाल्यांनी उत्तर दिलेलं नाही, नोंद घ्यावी.)*

मुनीम, जळगाव: डाळ मिलच्या वह्या लिहितो म्हणून सांगतो. मिलचं मूल्यवर्धन म्हणजे डाळ-चुनीची विक्री वजा तूर, वीज, बारदान वगैरे. तूर उतरली आणि डाळीचा भाव तेवढा उतरला नाही, की पोतं न वाढता मूल्यवर्धन वाढतं. महागाई वजा करताना कच्च्या मालाला वेगळा किंमत निर्देशांक आणि तयार मालाला वेगळा लावायला हवा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2011-12 आधार वर्षाच्या मालिकेत कारखानदारीला बहुतांशी एकच लावला जायचा. तेव्हा 'कारखाने कार्यक्षम' म्हणताना जरा दमानं. यंत्र तेच, हमाल तेच.

शहाद्याची ताई: आणि तलाठी कार्यालय? सरकारी सेवा बाजारात विकली जात नाही, म्हणून तिचं उत्पादन मुख्यतः पगार-खर्चावरून धरतात. सातबारा मोबाइलवर आला, आमचा हेलपाटा वाचला, त्याचा आकडा कुठंच नाही.

एमआयडीसीवाला: मान्य, मोजपट्ट्या वाकड्या आहेत. पण पावाचा अर्धा झाला तरी दरी उरतेच. पारोळेकर, तुमचा मुलगा शेती करतोय की पुण्याला आहे?

पारोळेकर: पुण्याला आहे. गाड्या पोहोचवणाऱ्या कंपनीत, बारा-बारा तास. त्याचेही तास मोजा म्हणतोय मी.