हर्णै ते दापोली रोज: ई-सायकल की गिअरची साधी?

हर्णैहून विचारणा
मंडळी, जूनपासून दापोलीला नोकरी सुरू होतेय. अंतर पंधराएक किमी. एसटी माझ्या वेळेला जुळत नाही, स्कूटर घ्यायची नाही. सायकलची सवय आहे, पण आसूदचा चढ चढून घामाघूम होऊन काउंटरवर बसणं नको वाटतं. बॅटरीवाली घ्यावी का? पावसात लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही, तीच धास्ती आहे.

दापोलीहून उत्तर
ताई, बॅटरीवालीच घ्या, पण गिअर असलेली. मी रोज याच रस्त्याने चालवतो. सिंगल स्पीडवाली आसूदला वेग पडला की मोटर कण्हायला लागते, तापते आणि बॅटरी भराभर उतरते. खालचा गिअर टाकून पाय फिरते ठेवले की मोटर सुखात असते.

लाइटची काळजी किती करायची ते हिशेबात बघा. हर्णै समुद्रकाठी, दापोली दोनशे मीटरच्या आसपास उंचावर. तुम्ही, सायकल, डबा, दप्तर मिळून शंभर किलो धरले तर नुसतं वर चढायला सुमारे ५५ वॉट-तास लागतात. मोटरची गळती आणि मधले चढउतार धरून दुप्पट समजा, त्यातही वाटा तुमच्या पायांचा. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासाच्या बॅटरीत २८० वॉट-तास असतात. घरी परतताना बहुतेक उतार, असिस्ट (मोटरची मदत) बंदच ठेवा. एखादी रात्र लाइट नसली तरी दुसऱ्या दिवशी कामावर पोचाल. २०२० च्या निसर्ग वादळासारखं झालं तर मात्र गिअरच कामाला येतील.

ब्रेकवर पैसे वाचवू नका. ही सायकल वीस किलोच्या पुढे जाते आणि झाडीतली वळणं पावसाळ्यात निसरडी होतात. दोन्ही चाकांना डिस्क हवेच. मोटर २५० वॉटपर्यंत आणि मोटरचा वेग ताशी २५ किमीपर्यंत असेल तर लायसन्स, नोंदणी लागत नाही.

पाजपंढरीहून उत्तर
दादांचं पटतं, पण खाऱ्या हवेचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे चेन आठवड्यात तांबूस होते, वायरच्या जोडांतल्या पिना हिरव्या पडतात. साधी सायकल कुठलाही मिस्त्री खोलतो, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) गेला तर पार्टची वाट बघत बसावं लागतं. तरी घेणारच असाल तर जोडांना डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल अडवणारं) लावा, पाण्याचा फवारा मारून धुऊ नका, आणि बॅटरी काढून घरात नेता येईल असंच मॉडेल बघा.