अलिबागकडे घर: आवास, किहीम, नागाव, चौल की पोयनाड? (नाशिकहून गाडीने ये-जा)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही गंगापूर रोडला राहतो. अलिबाग तालुक्यात दुसरं घर करायचं पक्कं केलंय, गाव ठरत नाहीये. वापर ऑक्टोबर ते मे, महिन्यातले आठ-दहा दिवस. पावसाळ्यात घर बंद. सोबत सत्तरीतले आई-वडील. ये-जा गाडीनेच. निफाड तालुक्यात वडिलांच्या नावे सातबारा आहे. जागा आणि बांधकाम मिळून बजेट दीड कोटीच्या आसपास.

एजंटने दाखवलेलं असं: आवासला पाच गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट, "समुद्रापासून १५० मीटर". किहीमला बंगल्यांच्या स्कीममधला तयार बंगला. नागावला सहा गुंठे वाडी, त्यात जुनं कौलारू घर. चौलला दीड एकर शेतजमीन, विहिरीसकट. आणि पोयनाडच्या पुढे खाडीच्या अंगाला एक प्लॉट, बाकी सगळ्यांच्या निम्म्या भावात.

कुठला ठेवावा, कुठला सोडावा, आणि टोकन देण्याआधी नेमकं काय तपासावं?

कसारा_उतार

गावांची तुलना करण्याआधी एक बघा, तिथला भाव कशामुळे चढलाय. मांडवा, सासवणे, आवास, किहीम हा उत्तरेचा पट्टा महाग आहे तो मांडवा जेट्टीमुळे. गेटवेहून कॅटामरान, भाऊच्या धक्क्याहून गाडी चढवता येणारी रो-रो, आणि तासाभरात माणूस मांडव्याला. दक्षिण मुंबईतल्या माणसाला त्या तासाची किंमत आहे, म्हणून तो मोजतो. तुम्ही नाशिकहून गाडीने येणार. तुम्हाला ती जेट्टी महिनोन्‌महिने लागणार नाही, तरी तिचा भाव मात्र प्रत्येक गुंठ्यामागे भरावा लागेल.

तुमचा रस्ता असा: इगतपुरीला समृद्धी धरून आमणे (हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला), तिथून भिवंडी, मग मुंब्रा बायपास किंवा शिळफाटा, कळंबोली, पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. एकूण साधारण अडीचशे किलोमीटर. समृद्धीने कसाऱ्याचा त्रास वाचतो, पण आमणे ते कळंबोली ट्रकांच्या रांगेत वेळ जातो आणि वडखळ ते अलिबाग शनिवारी सकाळी तुंबतो. नाशिकहून पहाटे पाचच्या आत निघा, आणि शुक्रवार-शनिवारऐवजी मधल्या वारी या. आठ-दहा दिवस सलग राहणार असाल तर ते जमण्यासारखं आहे.

कार्लेखिंडीतून उजवीकडे चोंढीवरून किहीम-आवास, सरळ गेलात तर अलिबाग आणि पुढे आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. अंतरात तुम्हाला फार फरक पडत नाही, पैशात मोठा पडतो. म्हणून माझं मत दक्षिणेचं.

त्यातही नागाव आणि चौल वेगळी. नागावची वाडी देखणी, नारळी-पोफळीची सावली, समुद्र चालत. पण गावातले रस्ते एका गाडीचे आहेत आणि जवळपास प्रत्येक वाडीत होम-स्टे. डिसेंबरात आणि लागून सुट्ट्या आल्या की समोरची गाडी मागे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, रात्री स्पीकर चालू. म्हाताऱ्या माणसांना ते झेपणार आहे का, हे एका शनिवारी मुक्काम करूनच ठरवा. चौल शांत आहे. समुद्र दोन-तीन किलोमीटरवर, रेवदंड्याला. वाऱ्यातला खार त्या मानाने कमी. आजारपणात मात्र जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, चौलहून अर्धा तास धरा. गंभीर केस पनवेल किंवा नवी मुंबईला हलवतात, हे कुठल्याही गावात राहिलात तरी तसंच.

धरमतर खाडीवरच्या रेवस-करंजा पुलाच्या नावाने भाव सांगत असतील तर ते आकडे मनातून काढा. पूल वापरात येईल तेव्हा येईल, आजच्या व्यवहारात त्याचा पैसा देऊ नका.

फेरफार

कागदांचं सांगतो. सुरुवात आवासपासून, कारण धोका तिथे आहे.

"समुद्रापासून १५० मीटर" हे वाक्य सीआरझेडमध्ये (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे केंद्राचे नियम) काहीच सांगत नाही. अंतर मोजतात ते भरतीरेषेपासून, म्हणजे अधिकृत नकाशावर आखलेल्या उच्चतम भरतीरेषेपासून. ओहोटीला पाणी जिथे दिसतं तिथून नाही. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग आहेत. लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर असेल तर ना-विकास पट्टा (जिथे नवं घर बांधता येत नाही) ५० मीटर, नसेल तर २०० मीटर. गाव कुठल्या वर्गात धरलंय ते मंजूर नकाशावर बघायचं. २०० वाल्या गावात तुमचा १५० मीटरचा प्लॉट अख्खा ना-विकास पट्ट्यात बसतो. एनए ऑर्डर दाखवतील. एनए झाली म्हणून सीआरझेड उठत नाही, दोन्ही परवानग्या वेगळ्या आहेत. किहीमचा हिरे व्यापाऱ्याचा तो प्रचंड बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला, तेव्हा "इथे कोण बघतंय" हे उत्तर कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. अधिकृत संस्थेकडून गट नंबर टाकलेला १:४००० चा सीआरझेड नकाशा विक्रेत्याला आणायला सांगा. टाळाटाळ झाली तर विषय संपला. पट्ट्याच्या बाहेर पण ५०० मीटरच्या आत असाल तरी तळमजला अधिक एक, उंची ९ मीटर, एवढीच मुभा.

चौलची दीड एकर: शेतजमीन फक्त शेतकऱ्याला घेता येते (कूळकायदा, कलम ६३). निफाडचा सातबारा चालतो, राज्यात कुठलाही चालतो. पण तो वडिलांच्या नावे आहे, तेव्हा खरेदीही त्यांच्याच नावे करा. शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर म्हणजे एक एकर लागते, ती इथे भरते. तुकडा पाडून घेणार असाल तर तालुक्याचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) आधी तहसीलमधून विचारा. एजंट "अजून चार जण मिळून घेऊ" म्हणाला तर नको म्हणा, सामाईक सातबाऱ्यावर घर बांधणं म्हणजे पुढच्या पिढीला भांडण देणं.

सातबाऱ्यावर तीन जागा नीट वाचा. भोगवटादार वर्ग १ की २. वर्ग २ किंवा कूळकायद्याच्या कलम ४३ ची अट असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. खातेदारांच्या नावांत सगळे वारस आहेत का, कारण इथली अर्धी घरं मुंबईला गेलेली आहेत आणि एखाद्या बहिणीची सही राहून जाते. तिसरी म्हणजे इतर हक्क, तिथे कुळाचं नाव. हा तालुका चरीच्या शेतकरी संपाचा आहे, १९३३ पासून सहा वर्षं चाललेल्या. कुळाचा हक्क इथे कोणी हलक्यात सोडत नाही. १९५० पासूनचे फेरफार काढा आणि स्थानिक वकिलाकडून तीस वर्षांच्या मालकीचा सर्च घ्या.

नागावचं घर गावठाणात असेल तर सोपं, बिगरशेतकऱ्यालाही घेता येतं. पण ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा नमुना हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नाही. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा मागा. आणि वाडीत जाणारी वाट कोणाच्या जमिनीतून जाते ते मोजणी करूनच बघा. तोंडी वहिवाट शेजारी बदलला की बंद होते.

मेमधली_विहीर

पोयनाडच्या पुढचा प्लॉट अर्ध्या भावात आहे कारण तो खारेपाटात आहे. धरमतर खाडीच्या काठची ही जमीन मातीच्या बांधांनी समुद्रापासून राखलेली. मोठ्या उधाणाला बांध फुटून खांड गेली की खारं पाणी थेट शेतात, आणि मग काही हंगाम तिथे भातही होत नाही. घराचं जोतं उंच करून घर वाचेल, विहीर आणि झाडं वाचणार नाहीत. हा पर्याय सोडाच.

बाकी गावांत पाण्याची खरी परीक्षा मे महिन्यात. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखं उभं असतं. उपसा वाढला की खारं वर चढतं, आणि बोअर खोल नेली तर लवकर चढतं. आपल्याकडे पाणी लागेना म्हणून अजून शंभर फूट मारतात, तो हिशेब इथे उलटा आहे. उथळ, रुंद विहीर आणि थोडा-थोडा उपसा, हेच चालतं.

करायचं असं: मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. पंप दोन तास चालू ठेवा, सुरुवातीला आणि शेवटी दोन बाटल्या भरा. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पुरतो. ५०० च्या आत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर पिण्याच्या मानकाची शेवटची मर्यादा २०००. दोन तासांत आकडा झरझर वाढत गेला तर ती विहीर तुमच्या घराला आणि बागेला मिळून पुरणार नाही. दुसरी बाटली प्रयोगशाळेत देऊन क्लोराइड काढून घ्या (पिण्यासाठी २५० च्या आत हवं), तो आकडा बांधकामालाही लागेल. शेजारी होम-स्टे असतील तर त्यांचा उपसाही तुमच्याच पाण्यातून होतो. नागावला हा मुद्दा मोठा आहे. चौल-रेवदंड्याकडे उमटे धरणाची नळयोजना आहे, पण उन्हाळ्यात तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

आणि ऑगस्टमध्येही एकदा विहीर बघा. पाणी जमिनीपासून एक-दीड मीटरवर आलेलं असेल तर शोषखड्डा भरून उलटा येईल. विहीर आणि सेप्टिक टँकमध्ये किमान १५ मीटर अंतर बसतंय का, ते सहा गुंठ्यांत मोजून ठरवा. जुनी वाडी असेल तर पलीकडच्या शेजाऱ्याचा खड्डाही धरा.

एम_३०

बांधकामाबद्दल, कारण नाशिकचा ठेकेदार घेऊन जायचा मोह होतो. तोच गवंडी, तोच हिशेब, आणि सात-आठ वर्षांत स्लॅबखालून सळई फुगून प्लास्टर सुटतं.

नाशिकच्या हवेत एम-२५ (एम-चा आकडा म्हणजे मजबुतीची प्रत) काँक्रीट आणि सळईवर ३० मिलिमीटर आवरण चालतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेत किमान एम-३० आणि ४५ मिलिमीटर, फवारा पोचतो तिथे एम-३५ आणि ५० मिलिमीटर. हे करारात लिहा. आणि प्रत्यक्षात बघायचं ते कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखाली आवरणाची जागा राखणारे ठोकळे: स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी जाळीखाली हात घालून ब्लॉक किती मिलिमीटरचा आहे ते मोजा. पंचवीसचे ब्लॉक सरसकट टाकलेले सापडतात. फरशीचे तुकडे लावलेले असतील तर भरणं थांबवा.

पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते आरसीसीत घालायचं नाही. मेमध्ये विहीर खारट असेल तर टँकर, क्युरिंगलासुद्धा. वाळू खाडीची नको, धुतलेली क्रश सँड घ्या.

खिडक्या यूपीव्हीसी किंवा पावडर कोटेड ॲल्युमिनियम. लोखंडी ग्रिल हवीच असेल तर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेली), आणि वेल्डिंग गॅल्व्हनाइज करण्याआधी. स्टीलचं रेलिंग ३०४ ग्रेडचं आणाल तर वर्षभरात तपकिरी डाग, ३१६ मागा. एसीचं बाहेरचं युनिट पूर्वेच्या भिंतीला, पश्चिमेचा वारा थेट बसणार नाही असं.

छपराबद्दल: ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. पत्रे आणि कौलं उडाली ती बहुतेक कडेपासून. नागावचं जुनं घर घेतलंत तर कडेची कौलं आणि वासे भिंतीला पट्टीने बांधून घ्या, आणि घरावर झुकलेला माड असेल तर आधी त्याचा निकाल लावा. पाऊस इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, नाशिक शहराच्या जवळपास तिप्पट. आपल्याकडच्या दीड फुटी छज्ज्याने भिंत कोरडी राहत नाही, तीन फूट तरी काढा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आवास आणि पोयनाड यादीतून काढले. चौलची विहीर मेमध्ये तपासतो, तोपर्यंत टोकन थांबवतो. किहीमच्या तयार बंगल्यावर कोणी बोललं नाही. आणि चार महिने बंद घराचं काय करायचं?

फेरफार

किहीमला स्कीममध्ये घेताना महारेरा नोंदणी आणि भोगवटा दाखला बघा. दाखला मिळालेला बंगला असेल तर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असेल तर लागतो. अंतर्गत रस्ते, विहीर, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र) सोसायटीच्या नावे झालेत की अजून बिल्डरकडेच आहेत, ते विचारा. देखभालीचा खर्च वर्षाचा मागा, महिन्याचा नको. पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी त्यात लपते. वयस्कर माणसांना राखणदार असलेली स्कीम सोयीची हे मात्र खरं, तेवढ्यासाठी किहीम यादीत राहू द्या.

मेमधली_विहीर

बंद घरासाठी: गावातलाच माणूस ठेवा, आठवड्यातून एकदा दोन तास दारं-खिडक्या उघडायला, उघडीप बघून. गाद्या उभ्या, कपाटांची दारं किलकिली, फ्रिज रिकामा आणि दार उघडं. फर्निचरचा प्लाय ७१० ग्रेडचाच (ओलाव्यात टिकणारा), आणि कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, दोन इंच सोडा. मेन स्विच बंद करताना विहिरीच्या पंपाची लाइन वेगळी ठेवा. पंप पंधरा दिवसांतून दहा मिनिटं फिरवला नाही तर ऑक्टोबरात जाम झालेला मिळतो.