आपल्या साताऱ्यात कधी समुद्र होता का?

सातारी_कंदी: काल यवतेश्वर घाटात पोरानं दगड उचलून विचारलं, यात शंख सापडतील का, मला काय सांगता येईना. कुणाला माहितेय का?

दगडफोड्या: आपला काळा कातळ म्हणजे लाव्हा ओ, त्यात शंख कुठले. पण लाव्ह्याच्या दोन थरांमधला गाळ लय बोलका असतो, छिंदवाड्याजवळ झिलमिलीला तसल्याच गाळात फोरामिनिफेरा, म्हणजे कवचवाल्या एकपेशी जिवांचे जीवाश्म मिळालेत, रव्याच्या कणापेक्षा बारीक, आणि ही जात समुद्रात तरंगणारी, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा फाटा तिथवर घुसला असणार.

हरिपूरकर: राजमहेंद्रीला तर चुन्याचं कवच असलेल्या शेवाळाचे जीवाश्म आहेत. शेवाळाला ऊन लागतं, म्हणजे पाणी उथळच.

सातारी_कंदी: आयला, शेवाळावरनं समुद्राची खोली! पोरगं आता घरातली चाळण पळवतंय बघा.