स्नायू, संधिवात आणि ‘मणक्यातली गॅप’ : हाडासांध्यांच्या दुखण्यांचे शब्द

रुग्णांसाठी तयार होत असलेल्या एका माहितीपत्रकाचे मुद्रितशोधन करताना ‘गुडघ्यातील स्नायू फाटला आहे’ या वाक्यापाशी मी थांबले. मूळ इंग्रजी मजकुरात ‘लिगामेंट’ होते. लिगामेंट हाडाला हाडाशी बांधून ठेवते आणि स्नायू आकुंचन पावून हाड हलवतो; दोन्हींच्या दुखापतीवरचे उपचार, विश्रांती आणि व्यायाम वेगळे असल्यामुळे येथे शब्द चुकला की वाचणाऱ्याची स्वतःच्या दुखण्याविषयीची समजूतच चुकते. तरीही सगळा दोष अनुवादकाच्या माथी मारावा असे मला वाटत नाही, कारण ‘स्नायू’ या शब्दाने आजवर बरीच घरे बदलली आहेत.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या विभागात, ३०० हाडे, २१० सांधे, ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्या आहेत. तेथेच एक सुंदर दृष्टान्त येतो : फळ्या पुष्कळ बंधनांनी नीट बांधलेली नाव जशी पाण्यात भार पेलते, तसे शरीरातले सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार पेलू शकतो. म्हणजे सुश्रुताचा स्नायू हा बांधणारा दोर आहे, आणि आपण आज ज्याला स्नायू म्हणतो त्याला तो ‘पेशी’ म्हणतो. मराठीने पुढे ‘पेशी’ हा शब्द जीवशास्त्रातील ‘सेल’ला दिला आणि मांसल भागासाठी ‘स्नायू’ घेतला. हिंदीने ‘सेल’साठी ‘कोशिका’ योजून मांसपेशी जागच्या जागी ठेवल्या. बंगालीत तर स्नायू म्हणजे थेट ‘नर्व्ह’. त्यामुळे हिंदीवरून घाईने मराठीत उतरवलेल्या मलमांच्या जाहिरातींत ‘मांसपेशींच्या वेदना’ दिसतात, त्या मराठी वाचकाला नेमक्या कोठे दुखते ते सांगत नाहीत.

बोलीत या सगळ्याचा भार ‘शीर’ हा एकच शब्द वाहतो. शीर आखडते, शीर दबते, शिरेवर शीर चढते; यांत कधी स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा (टेंडन) अभिप्रेत असते, कधी चेतातंतू, कधी स्नायूचा पेटका आणि क्वचितच खरी रक्तवाहिनी. बोलताना ते चालते, कारण समोरचा माणूस हाताने जागा दाखवत असतो. लिहिताना ती सोय नसते. म्हणून पत्रकात ‘स्नायू’ हा शब्द ‘मसल’पुरताच ठेवावा, लिगामेंटला शालेय विज्ञानातून ओळखीचा झालेला ‘अस्थिबंध’ वापरावा आणि टेंडनसाठी ‘स्नायुरज्जू’पेक्षा ‘कंडरा’ पसंत करावा, असे माझे मत आहे. ‘कंडरा’ सुश्रुताकडेही आहे, आटोपशीर आहे, आणि त्यात पुन्हा ‘स्नायू’ डोकावत नाही.

‘संधिवात’ या शब्दाची अडचण निराळी आहे. (समासात ‘संधि’ ऱ्हस्वच राहतो, ‘संधीवात’ हे लेखन सर्रास आढळत असले तरी शुद्ध नव्हे.) या शब्दात जागा आहे, सांधा, आणि आयुर्वेदाने मानलेले कारण आहे, वात. चरकसंहितेत वाताने बिघडलेल्या सांध्याची सूज हाताला वारा भरलेल्या कातडी पिशवीसारखी लागते असे वर्णन आहे. आज मात्र गुडघ्यातील कूर्चा झिजून होणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस, रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि युरिक ॲसिडच्या स्फटिकांमुळे होणारा गाउट या तिन्हींना लोक सरसकट संधिवात म्हणतात. पहिल्याला ‘सांध्याची झीज’ हा रुळलेला आणि समजणारा शब्द आहे. दुसऱ्यासाठी वैद्य आणि डॉक्टर बहुधा ‘आमवात’ म्हणतात. माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे, मात्र तेथील लक्षणे आजच्या एकाच आजाराशी तंतोतंत जुळतात असे मानू नये. तिसऱ्याच्या जवळ जाणारा ‘वातरक्त’ हा शब्द आता वैद्यांपुरताच उरला, याचे मला वाईट वाटते. चरकाने त्याला ‘आढ्यवात’ असेही नाव दिले आहे. आढ्य म्हणजे धनाढ्य, म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा हा रोग, हे निरीक्षण त्या काळीही झालेले होते.

आर्थ्रायटिससाठी परिभाषेतील ‘संधिशोथ’ हा शब्द रचनेने चोख आहे, कारण ‘आयटिस’ या प्रत्ययाचा अर्थच शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज. मानेच्या मणक्यांची झीज झालेला माणूस ‘मला स्पॉन्डिलायटिस आहे’ असे सांगतो तेव्हा बहुतेक वेळा तो स्पॉन्डिलोसिस असतो. पहिल्यात दाह आहे, दुसऱ्यात झीज. हा भेद मराठी शब्दांतून आला, तर तो समजावून सांगण्यासाठी ग्रीक प्रत्ययांचा आधार घ्यावा लागणार नाही.

सर्वांत उलटा अर्थ ‘मणक्यात गॅप’ या प्रयोगाने रूढ केला आहे. दोन मणक्यांमधली चकती झिजली की त्यांच्यातील अंतर कमी होते, आणि क्ष-किरण चित्रात तेच दिसते. पण रुग्ण सांगतो की ‘गॅप आली’ किंवा ‘गॅप वाढली’. ‘गादी सरकली’ हेही तसे सैल वर्णन आहे, कारण चकती जागेवरून घसरत नाही, तिचा कडेचा भाग फुगतो किंवा फाटून आतला मऊ गर बाहेर येतो. मणका खरोखर पुढे सरकण्याचा आजार वेगळा आहे, म्हणून ‘मणका सरकणे’ आणि ‘गादी सरकणे’ यांची लेखनात सरमिसळ होता कामा नये. तसेच ‘फ्रॅक्चर नाही, नुसता क्रॅक आहे’ हे वाक्य घरोघरी दिलासा म्हणून ऐकू येते. हाडाला गेलेली चीर हाही अस्थिभंगच असतो.

दुखण्याच्या जातीबद्दल मात्र मराठी कमालीची काटेकोर आहे. पाय मुरगळतो, कंबर लचकते, मान आखडते, पाठीत उसण भरते, पोटरीत गोळा येतो. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावला की उसण उतरते ही समजूत खरी नसली, तरी तिच्यामुळे हा शब्द घराघरांत टिकला असावा. फार वेळ एका स्थितीत बसल्याने लागते ती रग, नाडीच्या ठोक्याबरोबर जाणवतो तो ठणका, क्षणात येऊन जाते ती चमक, आणि लाटेसारखी उठते ती कळ. इतके शब्द हाताशी असताना त्या पत्रकातील ‘वेदना कोणत्या प्रकारची आहे?’ या प्रश्नाखाली ‘तीक्ष्ण, स्पंदनशील, मंद’ असे पर्याय छापले जाणार होते. मी त्यांच्या जागी ‘चमक, ठणका, सतत बारीक दुखणे’ असे लिहिले, ‘प्रातःकालीन ताठरता’ काढून ‘सकाळी उठल्यावर सांधे धरलेले असतात’ असे केले, आणि पहिल्या पानावरच्या फाटलेल्या स्नायूचा अस्थिबंध करून प्रत परत पाठवली.